राहते छप्पर

९ जून

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

आधी आनंदाची बातमी, मग बाकीची रड. माझा लेख घेतला! ज्याच्यापायी मी तीन वर्षं डोळे फोडून घेतले, ज्याच्या टिपणांच्या गठ्ठ्यांमुळे माझ्या खोलीत बसायला जागा उरली नव्हती, तो लेख आमच्या विषयातल्या सगळ्यांत खडूस नियतकालिकाने एकही शब्द न बदलता घेतलाय. ऑगस्टच्या अंकात येईल. तुला माहितीच आहे, आमच्या विधी महाविद्यालयात कायद्याचा इतिहास शिकवणारी मी एकटी, आणि एरवी स्टाफरूममध्ये माझी किंमत फळा पुसायच्या फडक्याएवढी. काल प्राचार्यांनी स्वतः उठून चहा दिला. बढती जवळजवळ पक्की समज.

विषय अर्थातच छप्पर निकाल. मी शाळेत असताना काचकारखान्याच्या वसाहतीत, मावशीच्या दारात बसून तूच मला ती गोष्ट पहिल्यांदा सांगितलीस. ऐंशी वर्षांपूर्वी मालकाने कामगारांना घराबाहेर काढायला घेतलं आणि एका दयाळू न्यायाधीशाने लिहिलं, 'दुसरे छप्पर दिल्यावाचून राहते छप्पर काढून घेता येणार नाही.' ती ओळ वसाहतीच्या फाटकावर रंगवलेली होती. मी अक्षरं जुळवून वाचायला शिकले ती त्याच पाटीवर.

आणि आता मीच दाखवून दिलंय की दया वगैरे काही नव्हती. त्या वर्षी साथ होती. माणसांनी इकडून तिकडे जाऊ नये म्हणून सहा महिन्यांचा एक वटहुकूम निघाला होता. अख्खा निकाल त्या वटहुकमावर उभा आहे, आणि वटहुकूम संपल्यावर हे सगळे विसरले. दप्तरखान्यात आपण दोघांनी मिळून वाचलेलं न्यायाधीशांचं ते पत्र आठवतं? 'ही माणसे रस्त्यावर आली तर आजार आमच्या बंगल्यांपर्यंत येईल.' तू ते मोठ्याने वाचलंस आणि मग कितीतरी वेळ धुळीने शिंकत बसलास.

मावशीलाही कार्ड टाकलंय. 'आपल्या निकालावर लिहिलंय आणि ते छापून येतंय' एवढंच कळवलं. बाकीचं समक्ष भेटीत सांगेन.

कान कसा आहे? फोन केला असता तर तू 'काय? काय?' करत अर्धी बातमी वाया घालवली असतीस, म्हणून पत्र.

तुझी,
खारू


१७ जून

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. शाबास. आपल्या घराण्यात पुस्तकं वाचणारे दोघं झालो, छापून येणारी तू पहिली. मात्र प्राचार्यांच्या चहापासून सांभाळ. आमच्याकडे न्यायाधीश गोड बोलायला लागले की वकिलाने कागद आवरायला घ्यावेत.

उजवा कान कामातून गेला. डाव्याला अजून पक्षकाराचं रडणं ऐकू येतं, तेवढं पोटापुरतं आहे.

एक विचारू? ऑगस्टच कशाला? लेख जरा मुरू दे की. ऐंशी वर्षं कोणाला पत्ता नव्हता, आणखी एक वर्ष नसला तर कोणाचं काय अडतंय? आणि त्या कागदांत एक-दोन ठिकाणी अक्षर नीट लागत नव्हतं, असं मला पुसटसं आठवतंय. पुन्हा एकदा जाऊन पाहू या. हिवाळ्यात मी मोकळा होईन, तुझ्यासोबत येईन, या वेळी रुमालही आणीन.

तुझ्या मावशीचं म्हणशील तर आक्का मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत. वसाहतीत सगळं ठीक.

बाकी काही नाही. संपादकांना एक ओळ लिहून बघ.

मामा


२४ जून

ती. मामा,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं. अक्षर लागत नव्हतं? घडाघडा वाचून दाखवत होतास! मामा, सरळ सांग ना, तुझा लाडका दयाळू न्यायाधीश मी पाडला म्हणून तुझ्या जिवाला लागलंय. तुझ्या कचेरीत त्याची तसबीर आहे. ती उतरवावी लागेल म्हणून तू मला एक वर्ष थांब म्हणतोस.

तुम्हा वकिलांचं हे नेहमीचंच. तुम्ही जुन्या काळाकडे जाता ते खुंटी शोधायला. आपला कोट अडकवता आला की झालं. भिंत कोणी बांधली, कशासाठी बांधली, तिच्या पलीकडे कोण राहत होतं, याच्याशी तुम्हाला काही घेणं नसतं. मला त्या भिंतीशीच घेणं आहे. त्या न्यायाधीशाला ही माणसं आवडत नव्हती, तो त्यांना घाबरत होता, आणि तरीही त्याच्या हातून त्यांचं भलं झालं. मला तर ही गोष्ट तुझ्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

मावशीचं उत्तर आलं. दोनच ओळी, पण इतकी खूश आहे! माझं कार्ड तिने म्हणे अख्ख्या वसाहतीत फिरवलं.

रागावू नकोस. अंक आला की पहिली प्रत तुला.

खारू


२ जुलै

चि. खारू,
आशीर्वाद.

आता लपवण्यात अर्थ नाही. आक्काने शपथ घातली होती, ती मोडतोय.

काचकारखान्याची जमीन विकली गेली. नव्या मालकाला तिथे गोदामं बांधायची आहेत. मार्च संपता संपता वसाहतीतल्या घराघरावर नोटिसा लागल्या: घर खाली करा. दुसरी जागा नाही, काही नाही. सगळ्यांच्या वतीने वकीलपत्र माझ्याकडे आहे. सप्टेंबरात सुनावणी. माझ्या हातात काय आहे म्हणशील तर छप्पर निकाल. तेवढाच. तो टिकला तर माणसं टिकली. तो कोसळला तर मला कोर्टात नुसतं उभं राहून हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागतील.

तुला कळवायचं नाही, असं आक्काचं म्हणणं. 'पोरीचं लिखाण चाललंय, तिच्या डोक्याला ताप नको.' मी कबूल झालो, कारण तुझा लेख याच निकालावर आहे हे मला माहीत असलं तरी तो इतक्या लवकर छापून येईल असं वाटलं नव्हतं. तुझं जूनचं पत्र हातात पडलं तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो, म्हणून पडलो नाही.

आणखी ऐक. आक्काने तुझं कार्ड दाखवून सगळीकडे सांगितलंय, आमच्या पोरीने आपल्या निकालावर लिहिलंय, ते छापून येतंय, आता बघा. लोकांना वाटतंय, तू त्यांच्या बाजूने लिहिलंयस. नळावर आक्काला आता पुढे घेतात. काल एक म्हातारा माझ्याकडे येऊन म्हणाला, 'साहेब, ताईंचा लेख न्यायाधीशांना दाखवणार ना?' मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

समोरचे वकील म्हणजे आमच्या बाररूममध्ये ज्यांना सगळे 'लोणी' म्हणतात ते. आवाज मऊ, सुरी धारदार. त्यांच्याकडे चार पोरं नुसती वाचायला ठेवलेली आहेत.

खोटं लिही, असं मी म्हणत नाही. एक शब्द बदल असंही नाही. फक्त थांब. निकाल लागेपर्यंत लेख मागे घे. तुझ्या मावशीचं घर आहे ते. तू त्या घरात मोठी झालीस.

मामा


११ जुलै

ती. मामा,

पाच दिवस झोपले नाही. तीन पत्रं लिहून फाडली.

पहिल्यांदा एवढंच की तुम्ही दोघांनी माझ्यापासून हे लपवलंत याचा मला फार राग आला आहे. मार्चमध्ये सांगितलं असतंत तर मी लेख पाठवलाच नसता. आता तो छापखान्यात जुळून गेलाय. मागे घेता येतो, नाही असं नाही. मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, घ्या, पण कारण लिहून द्या. काय लिहू? माझ्या मावशीचा खटला आहे म्हणून? मग उद्यापासून माझ्या कुठल्याही ओळीवर कोणी का विश्वास ठेवावा? बढती जाईल हेही खरं, आणि ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण नुसत्या बढतीसाठी मी मावशीचं घर पणाला लावीन असं तुला वाटत असेल तर पुढचं वाचूच नकोस.

मामा, कोर्ट असं चालत नाही. हे तूच मला शिकवलंस. एकदा निकाल झाला आणि दोन-तीन पिढ्या त्याच्यावर चालल्या, की तो कुठल्या पोटी जन्माला आला हे कोणी विचारत नाही. ऐंशी वर्षं घरं दिली-घेतली गेली, लग्नं झाली, माणसं त्याच्या भरवशावर म्हातारी झाली. कायदा तो. मूळ वटहुकूम नव्हे. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात मी हे स्वच्छ लिहिलंय. आणि आमचं नियतकालिक वाचतं कोण? जे त्यात लिहितात तेच. तुझ्या लोण्याची पोरं ते उघडायचीसुद्धा नाहीत.

मी लेख मागे घेत नाही. मावशीला मी स्वतः समजावून लिहीन.

खारू


१४ सप्टेंबर

चि. खारू,

दोन महिने तुझं पत्र नाही, माझंही नाही. आक्कालाही तू काही लिहिलं नाहीस, ते तिच्याकडून कळलं.

परवा सुनावणी झाली. लोणी आले ते हातात निळ्या पुठ्ठ्यातल्या प्रती घेऊन. एक न्यायाधीशांना, एक मला, एक स्वतःला. तुझा लेख. त्यांनी तो इतका सुरेख वाचला की तूसुद्धा मान डोलावली असतीस. 'माय लॉर्ड, आमच्या मित्रांचा सगळा खटला एका गैरसमजावर उभा आहे. हा निकाल म्हणजे साथीचा बंदोबस्त होता, साथ संपली, निकालही संपला. हे मी म्हणत नाही, या विषयातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासक म्हणतात.' बंगल्यांचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा न्यायाधीशांनी पेन्सिल उचलली.

शेवटचा परिच्छेद मी वाचून दाखवला. लोणी हसले आणि म्हणाले, तो लेखिकेचा अभिप्राय आहे, संशोधन नव्हे.

मग मीही उत्तर दिलं. बरं दिलं, असं सगळे म्हणतात. वसाहतीतली माणसं मागच्या बाकांवर होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शिपायाने त्यांना दटावलं. आक्काही आली होती. गर्दीत चुकामूक झाली, ती एकटीच घरी गेली.

निकाल राखून ठेवलाय.

मामा


२२ सप्टेंबर

मामा,

'बरं दिलं' म्हणजे काय दिलंस ते मला कळलं. आमच्या एका सहकाऱ्याने कोर्टातल्या लघुलेखनाची प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली. स्टाफरूममध्ये मी ती उभ्याने वाचली.

'या लेखिकेने कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही. बढतीची घाई असलेल्या माणसाला जुन्या कागदांत हवं ते दिसतं. मूळ पत्र त्यांनी स्वतः पाहिलं तरी आहे का, याचीच मला शंका आहे. हे संशोधन कच्चं आहे आणि कोणाच्या सोयीसाठी केलं आहे हे न्यायालयाने पाहावं.'

मूळ पत्र मी पाहिलं का याची तुला शंका आहे? तू माझ्या शेजारी बसला होतास! ओळीवर बोट ठेवून तू वाचत होतास आणि मी उतरून घेत होते! बढतीचं मी तुला विश्वासाने लिहिलं, तेही तू भर कोर्टात वापरलंस. परक्याने हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

पण भांडत बसायला वेळ नाही. चूक माझी झाली. मला वाटलं, कोर्ट इतिहास वाचत नाही. वाचतं. अर्धा वाचतं. सोबत एक प्रतिज्ञापत्र पाठवते आहे. त्यात मी उरलेला अर्धा मांडलाय. वटहुकूम संपल्यानंतर या निकालाचं काय झालं, किती कोर्टांनी साथीचा उल्लेखही न करता तो पाळला, वसाहती त्याच्यावर कशा वसल्या, सगळं पुराव्यानिशी. चार दिवस घर सोडलं नाही. माझा लेख घेऊन जर ते बोलत असतील तर त्या लेखाचा अर्थ सांगायला मी आहे. निकाल राखून ठेवलाय म्हणजे अजून देता येतं. उद्याच्या उद्या दाखल कर. लागलं तर मी साक्षीला उभी राहते.

खारू


१ ऑक्टोबर

चि. खारू,

प्रतिज्ञापत्र वाचलं. इतकं चांगलं काम मी माझ्या उभ्या वकिलीत पाहिलं नाही. हे माझ्याकडे आधी असतं तर लोण्यांची गाळण उडाली असती.

ते मी दाखल करू शकत नाही.

तुला का कळू नये? ज्या बाईला मी तीन आठवड्यांपूर्वी भर कोर्टात कच्ची म्हटलं, सोयीने लिहिणारी म्हटलं, तिलाच आज तज्ज्ञ म्हणून कोणत्या तोंडाने पुढे करू? लोणी एवढंच विचारतील: तेव्हा खरं बोललात की आता? आणि मग ते शांतपणे सांगतील की या बाई आमच्या मित्रांच्या भाची आहेत, वसाहतीतच वाढल्या. मग कागदाला काय किंमत उरेल? उलट तुझा पहिला लेख आणखी खरा वाटेल, कारण तो तू नात्याच्या विरुद्ध लिहिलास.

मी घाई केली. त्या क्षणी मला समोर फक्त ती न्यायाधीशांची पेन्सिल दिसत होती. ती थांबवायला हाताला आलं ते फेकलं. हाताला तू आलीस.

मला ऐकू कमी येत असल्यामुळे मी ओरडून बोलतो हे तुला ठाऊक आहे. आक्का शेवटच्या बाकावर होती. तिने एकूण एक शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. 'माझ्या पोरीला बाजारात उभी केलीस,' एवढंच. वसाहतीतलेही तिच्याशी बोलत नाहीत. त्यांना आता कळलंय, लेख कोणाचा आणि कोणाच्या कामी आला. नळावर ती गेली की सगळे गप्प होतात. त्यामुळे ती दुपारी जाते, पाणी बारीक झाल्यावर.

तू तिला लिही. माझं ती ऐकत नाही.

मामा


५ डिसेंबर

मामा,

निकाल वाचला. तुझ्याआधी मला मिळाला, प्राचार्यांनी छापून आणला. त्यांना तो अभिमानाने दाखवायचा होता. माझं नाव सात ठिकाणी आहे. 'विद्वान लेखिकेने निर्विवादपणे दाखवून दिल्याप्रमाणे.' शेवटचा परिच्छेद कुठेच नाही. तुझ्या युक्तिवादाबद्दल एक वाक्य आहे: 'प्रतिवादींच्या वकिलांनी लेखिकेवर केलेली वैयक्तिक टीका खेदजनक असून तिला कोणताही आधार नाही.' म्हणजे मला कोर्टाने तुझ्यापासून वाचवलं. आणि पुढच्याच ओळीत मावशीला महिनाभरात घर सोडायला सांगितलं.

बढतीचं पत्र त्याच आठवड्यात आलं. मी ते घेतलं. घेतलं नसतं तरी काही परत मिळालं नसतं, असं मी स्वतःला सांगते.

मावशीला मी चार पत्रं लिहिली, माझ्याकडे ये म्हणून. दोन खोल्या आहेत, ऊन येतं. उत्तर नाही. मी येऊ का? मला तोंड दाखवायची हिंमत होत नाही. तू तरी तिला तुझ्याकडे ने, हात धरून ने. तिला उघड्यावर राहू देऊ नकोस, मामा, मी तुझ्या पाया पडते.

खारू


२८ डिसेंबर

चि. खारूस,
मावशीचा आशीर्वाद.

तुझी पत्रं मिळाली, सगळी. उत्तर लिहिलं नाही कारण डोळ्यांना दिसत नाही आणि सामान बांधायचं होतं. आयुष्यभर उजेडासमोर बाटल्या धरून तडे शोधले, त्याची ही बक्षिसी. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

घर गेलं. गाड्या आल्या तेव्हा मी बाहेर खुर्चीवर बसले होते. भिंतीवर तुझी उंची मोजल्याच्या रेघा होत्या, त्या बघायच्या राहिल्या. फाटकावरची पाटी एकाने काढून नेली, जळणाला बरी म्हणाला.

मी इथे नगरपालिकेच्या निवाऱ्यात आहे. लांबच लांब हॉल आहे, दोन्ही बाजूंना खाटा. माझी दाराशी आहे त्यामुळे वारा लागतो, पण येणारं-जाणारं दिसतं. मामा रोज येतो. मी जात नाही त्याच्याकडे. तुझ्याकडेही येणार नाही. वसाहतीतली बाकीची माणसं या हॉलमध्ये आहेत, ती माझ्याशी बोलत नाहीत. मी तुमच्यापैकी कोणाच्या घरी जाऊन राहिले, तर आपल्या घरानेच त्यांना बुडवलं, असं ती म्हणतात ते खरंच होईल.

परवा मामाला मी विचारलं, पोरीने लिहिलं ते खोटं होतं का? तो म्हणाला, नाही आक्का, अक्षर न् अक्षर खरं होतं. मग कोर्टात तसं का बोललास? म्हणाला, तुमच्या घरांसाठी. खोटं बोलला, पण कशासाठी बोलला ते मला कळलं.

तू खरं लिहिलंस. ते कशासाठी, ते मला कळत नाही. मी शिकलेली नाही म्हणून असेल. तू मुलांना शिकवतेस, मलाही सोपं करून लिही. टोमणा नाही मारत बाळा, खरंच विचारते. रात्रभर जाग असते, विचार करायला काहीतरी लागतं.

गार पाण्याने डोकं धूत जाऊ नकोस.

मावशी


६ फेब्रुवारी

चि. खारू,

तू आलीस, आक्काला स्मशानापर्यंत पोचवलंस आणि गेलीस. आपण दोघं एकमेकांशेजारी उभे होतो आणि बोललो नाही. मला वाटलं, तू काहीतरी म्हणालीस. पण तू माझ्या उजव्या बाजूला होतीस. खरंच काही म्हणाली असलीस तर ते मला ऐकू आलं नाही, हे मनात ठेव.

डॉक्टर म्हणाले, छातीत कफ भरला होता, या वयात दाराशी झोपायला नको होतं. मी तिची खाट आत सरकवायला दोनदा सांगितलं होतं. आत कोणी जागा दिली नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट निवाऱ्यात पोचलं. चांगलं जाडजूड आहे. तिथल्या बाईंनी माझ्याकडे दिलं. मी उघडलेलं नाही. सोबत परत पाठवतोय. तिला काय उत्तर लिहिलंस ते मला सांगू नकोस. मलाही ते ऐकायला आवडलं असतं, पण प्रश्न माझा नव्हता.

आता कामाचं. नदीपलीकडे रंगकारखान्याची वसाहत आहे, काचकारखान्यापेक्षा मोठी. नोटिसा लागल्या. त्यांनी मला वकीलपत्र दिलंय. सांगितलं त्यांना, मी नुकताच हरलोय, दुसरा कोणीतरी बघा. दुसरा कोणी घेत नाही म्हणाले. आता छप्पर निकाल गेला, त्याच्या जागी आपला निकाल आला आहे, आणि लोणी तोच वाचणार. तो पाडल्याशिवाय त्या माणसांना उभं राहायला जागा नाही. मी वरच्या कोर्टात चाललोय. सगळ्या बाजूंनी विचार केला. तुझं प्रतिज्ञापत्र तिथे नवा पुरावा म्हणून घेणार नाहीत, मी विचारून आलो. उरते एकच वाट. ज्या लेखावर तो निकाल उभा आहे तो लेखच चुकीचा होता, हे दाखवायचं.

या वेळी ओरडून भागणार नाही. वरचे न्यायाधीश नीट वाचतात. मला लेखातल्या चुका हव्यात, पानासकट. एखादी तारीख, एखादा कागद ज्याची नक्कल पुरती जुळत नाही, एखादं वाक्य जिथे तू अंदाजाने पुढे गेलीस. तो लेख आतून तुझ्याइतका कोणालाच माहीत नाही. चुका नसतील हे मला माहीत आहे. मी शेजारीच होतो. तरी शोध.

तुझं नाव जाईल. कदाचित नोकरीही जाईल. वसाहतीत लहान मुलं पुष्कळ आहेत. हे तुला गळ घालायला लिहीत नाही, मोजून आलो म्हणून लिहितो.

या महिनाअखेर मला कागद दाखल करायचे आहेत. त्याआधी चार ओळी पाठव.

मामा